जुन्या एमजीबीचे हेडलाइट: बल्बच्या आधी वायर बघा

साखर कारखान्यांच्या हंगामात केज–अंबाजोगाई रस्त्यावर रात्री गाडी चालवलेल्या माणसाला हेडलाइटचं महत्त्व सांगावं लागत नाही. उसाने गच्च भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेला असतो. मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेला असतो. कितीदा तरी ट्रॅक्टरवरच्या डेकचा दणदणाट आधी ऐकू येतो आणि ट्रॉली नंतर दिसते. माझ्याकडे १९७१ची एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आहे, उघड्या टपाची. त्यामुळे मला ते गाणं तरी ऐकू येतं. पण गाण्याच्या भरवशावर ब्रेक मारायचा म्हणजे कठीणच.

ही गाडी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनत होती आणि तिचे पुढचे दिवे सात इंची, गोल. हीच आपल्यासाठी मोठी सोय आहे. हाच सात इंची गोल आकार अॅम्बेसेडरला, जिप्सीला आणि बुलेटलाही आहे. म्हणजे गाडी विलायती असली तरी दिव्याची काच बीड-लातूरच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. पुढे वायरचे रंग आणि जागा एमजीबीच्या आहेत. बाकी पद्धत कुठल्याही जुन्या गोल दिव्याच्या गाडीला तशीच लागू होते.

आधी माझी चूक सांगतो. मीही सगळ्यांसारखा दुकानात गेलो आणि १००/९० वॅटचे (अप्परला १००, डिपरला ९०) बल्ब घेऊन आलो. पहिल्या रात्री उजेड बरा वाटला. तिसऱ्या आठवड्यात मांजरसुंब्याचा घाट उतरताना डावा दिवा गेला. घरी येऊन उघडून बघतो तर होल्डरचं प्लॅस्टिक बल्बच्या पात्यांना चिकटून बसलेलं, वायरचं आवरण बोटभर लांबीपर्यंत करपलेलं. छत्रपती संभाजीनगरातल्या एका म्हाताऱ्या वायरमन चाचांकडे गाडी नेली. त्यांनी होल्डर हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाले, "साहेब, बल्ब बदलून काय होतंय? करंट तर रस्त्यातच मरायलाय." पुढचं सगळं या वाक्यातून निघालं.

करंट कुठे मरतो, ते आधी मोजा

जुन्या एमजीबीत हेडलाइटला रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, नाही. दिव्याचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून, मग स्टीअरिंगजवळच्या अप्पर-डिपरच्या दांडीतून, मग पुढच्या जाळीमागच्या बुलेट कनेक्टरांतून (गोळीसारख्या टोकाच्या वायर-जोडांतून) बल्बपर्यंत जातो. पन्नास वर्षांत या प्रत्येक सांध्यावर थोडा थोडा गंज, थोडी थोडी काजळी साचते आणि प्रत्येक ठिकाणी थोडा व्होल्टेज गळतो.

हॅलोजन बल्बचं गणित फार निर्दयी आहे. त्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो. सोप्या भाषेत, व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरला तर उजेड दहा टक्क्यांनी नाही, जवळपास तीस टक्क्यांनी उतरतो. १३.२ व्होल्टला जो एच-४ बल्ब (अप्पर आणि डिपरच्या दोन्ही तारा आत असलेला हॅलोजन) डिपरवर १००० लुमेन देतो, तोच १०.५ व्होल्टला निम्म्याहून कमी देतो. पिवळट, आजारी उजेड दिसला की समजा, बल्ब उपाशी आहे.

म्हणून पहिलं काम मोजण्याचं. साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवा, आरपीएम थोडा वाढवा, डिपर लावा. पहिलं माप स्टार्टरच्या सोलेनॉइडवरच्या (स्टार्टरला करंट देणाऱ्या स्विचवरच्या) जाड टर्मिनलवर घ्या, निगेटिव्ह टोक इंजिनच्या साफ धातूला. इथे १३.५ ते १४.४ च्या दरम्यान आकडा हवा. तेवढा येत नसेल तर हेडलाइटचं काम थांबवा आणि आधी अल्टरनेटर आणि त्याचा बेल्ट बघा. दुसरं माप बल्बच्या मागे, कपलर (बल्बमागचा वायरचा प्लग) बसवलेला आणि दिवा पेटलेला असताना, पात्यांवर मागून टोकं टेकवून. कपलर काढून मोजलं तर पूर्ण व्होल्टेज दिसतो आणि माणूस फसतो. करंट वाहतच नसेल तर गळणार काय?

माझ्या गाडीचे आकडे असे होते: सोलेनॉइडवर १३.९, डाव्या बल्बवर ११.२. म्हणजे २.७ व्होल्ट वाटेत. मग मीटरचं एक टोक बल्बच्या अर्थच्या पात्यावर आणि दुसरं इंजिनवर ठेवलं, तर ०.९ दिसला. म्हणजे एक तृतीयांश गळती एकट्या अर्थिंगची. आपल्याकडे लोक पॉझिटिव्हच्या वायरी बदलत बसतात आणि अर्थकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

हे आकडे कागदावर लिहून ठेवा. काम झाल्यावर पुन्हा मोजायचे आहेत.

अर्थिंग आणि काळी माती

एमजीबीचा दिवा पत्र्याच्या वाटीत बसतो आणि त्या वाटीची पाठ थेट चाकाच्या कमानीकडे असते. पावसाळ्यात शेतरस्त्याने एकदा गेलात की चाकाने उडवलेली काळी माती तिथे जाऊन बसते. आपली माती कशी, ते सांगायला नको. ओली असताना चिकटते, वाळली की दगड होते, आणि ओल धरून ठेवते ती वेगळीच. माझ्या वाटीमागून मी जवळजवळ घमेलंभर माती काढली. दोन्हीकडची रबरी गॅस्केटं कधीच विरघळून गेलेली होती.

बॅटरी सुटी करा. या मॉडेलात सीटांच्या मागे, झाकणाखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. नंतर क्रोमची रिंग खालच्या बाजूने, कापड गुंडाळलेल्या चपट्या पेचकसाने अलगद उचकटा. आतल्या रिंगचे तीन छोटे स्क्रू फक्त ढिले करा. वर आणि बाजूला जे मोठे स्क्रू दिसतात ते फोकसचे आहेत, त्यांना आत्ता हात लावायचा नाही. काच बाहेर येईल.

काळी वायर म्हणजे अर्थ. तिचा जुना सांधा साफ करत बसण्यापेक्षा मी प्रत्येक बल्बला २.५ स्क्वेअर एमएमची नवी काळी वायर दिली आणि दोन्ही एकाच बोल्टवर, पुढच्या पॅनलच्या पत्र्यावर आणल्या. पत्र्याचा रंग पॉलिश पेपरने खरवडून चकाकता धातू काढा, थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) कसा, वरून व्हॅसलीनचा थर द्या. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टीही याच वेळी बघा. माझी अर्धी तुटलेली होती.

रिलेचं काम

मार्गदर्शनाचा गाभा हाच, म्हणून इथे सावकाश जाऊ.

रिले म्हणजे नोकराच्या हातात दिलेला स्विच. डॅशबोर्डवरचा जुना स्विच आता फक्त रिलेच्या गुंडाळीला पाव अँपियरपेक्षाही कमी करंट देतो. बल्बचा नऊ-दहा अँपियरचा भार रिले थेट सोलेनॉइडकडून उचलतो. तो जुना स्विच आता मिळणं अवघड, म्हणून त्याचं आयुष्य वाढतं हा फायदा वेगळाच.

दोन रिले घ्या, एक डिपरला, एक अप्परला. १२ व्होल्ट, ३० किंवा ४० अँपियरचे, हॉर्नसाठी वापरतात तसलेच. खाली आकडे कोरलेले असतात. ३० म्हणजे करंट आत, ८७ म्हणजे करंट बाहेर, ८५ आणि ८६ ही गुंडाळीची दोन टोकं. पाच पायांच्या रिलेत मधला पाय कधी दुसरा ८७ असतो, तर कधी त्यापुढे इंग्रजी 'ए' लिहिलेलं असतं. तो 'ए'वाला पाय रिले बंद असताना चालू असतो. त्याला चुकून वायर लावली तर स्विच बंद केला की दिवा पेटतो आणि चालू केला की विझतो. हसू नका, माझ्या एका मित्राने पूर्ण एक संध्याकाळ यात घालवली.

जोडणी अशी. सोलेनॉइडच्या जाड टर्मिनलवर, जिथे तपकिरी वायरी येतात तिथून, ४ स्क्वेअर एमएमची नवी वायर काढा. टर्मिनलपासून वीतभर अंतरात ३० अँपियरचा मुख्य फ्यूज. फ्यूज दूर बसवला तर त्याच्या अलीकडची वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तरी फ्यूजला पत्ताच लागत नाही, आणि गाडी पेटते. ही वायर दोन्ही रिलेंच्या ३० क्रमांकाला. दोन्हींचा ८५ अर्थला. आता जाळीमागे या: निळ्यावर लाल रेघ असलेली वायर डिपरची, निळ्यावर पांढरी रेघ असलेली अप्परची. या आतापर्यंत थेट बल्बला जात होत्या. त्या बुलेट कनेक्टरातून सोडवा आणि निळी-लाल डिपरच्या रिलेच्या ८६ ला, निळी-पांढरी अप्परच्या रिलेच्या ८६ ला द्या. मूळ वायर कुठेही कापू नका. योग्य बुलेट लावले तर उद्या अर्ध्या तासात सगळं पहिल्यासारखं करता येतं, आणि जुन्या गाडीला पुढचा मालक असतोच.

८७ मधून प्रत्येक बल्बला स्वतंत्र वायर, २.५ स्क्वेअर एमएम, आणि प्रत्येकीला स्वतःचा १० अँपियरचा फ्यूज. म्हणजे एकूण चार छोटे फ्यूज. दोन्ही डिपरना मिळून एकच फ्यूज ठेवला तर पैसे वाचतात, पण तो उडाला की दोन्ही दिवे एकदम जातात. मूळ गाडीत तर हेडलाइटला फ्यूजच नव्हता. त्यामागचा विचार हाच की अंधारात पूर्ण आंधळं होण्यापेक्षा वायर जळलेली बरी. चार फ्यूज लावले की दोन्ही धोके टळतात.

वायरची जाडी मी उगाच सांगत नाही. एक स्क्वेअर एमएम तांब्याच्या तीन मीटर वायरमधून नऊ अँपियर गेले की जवळपास अर्धा व्होल्ट तिथेच जातो. अडीचच्या वायरीत तोच पाव व्होल्टच्या आत राहतो. घरगुती वायरिंगची एकतारी कडक वायर नको. गाडीची बारीक तारांची, तेल-उष्णता सोसणारी घ्या. आणि दुकानात एक तार नखाने खरवडून बघा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ते तांबं चढवलेलं अॅल्युमिनियम आहे. परत द्या.

सांध्यांबद्दल माझं मत ठाम आहे. वायरी एकमेकींना पिळून वर काळी टेप हा प्रकार मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टिकत नाही. मे महिन्यात बाहेरच ४२-४३ डिग्री असतं, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. टेपचा गोंद पातळ होऊन ओघळतो आणि टेप सापाच्या कातेसारखी सुटते. थिंबल दाबायची खरी क्रिंपिंगची पक्कड घ्या, किंवा कुणाकडून मागून आणा. वरून उष्णतेने आकसणारी स्लीव्ह. फक्त सोल्डरचा डाग देऊन सोडलेला सांधा कडक होतो आणि गाडीच्या थरथरीने त्याच्या कडेला वायर तुटते.

रिले रेडिएटरच्या गरम वाऱ्यापासून आणि सायलेन्सरच्या पाइपापासून दूर, पाय खाली करून बसवा. उलटे बसवले तर धुताना पाणी आत साठतं.

काही अपवाद. १९६७च्या आधीची एमजीबी असेल तर तिचा पॉझिटिव्ह बॉडीला असतो आणि अल्टरनेटरच्या जागी डायनामो. डायनामो २२ अँपियर देतो, त्यात दहा हेडलाइटचे, उरलेले इग्निशन, मागचे दिवे, वायपर. वर इलेक्ट्रिक पंखा बसवला असेल तर बॅटरी रात्रभर हळूहळू उतरत जाते. पॉझिटिव्ह बॉडीला असलेल्या गाडीला साधा रिले चालतो, आत डायोड असलेला नाही. आणि काही जपानी गाड्यांत दिव्याचा पॉझिटिव्ह कायम चालू असून स्विच अर्थ तोडतो. तिथे वरची जोडणी जशीच्या तशी लावू नका, आधी टेस्ट लॅम्पने खात्री करा.

काच आणि बल्ब

जुना सील बीम असेल तर अख्खा दिवाच बदलावा लागतो, कारण त्यातला बल्ब सुटा होत नाही. त्या जागी सात इंची एच-४ ची काच घ्या. ती घेताना एकच गोष्ट पक्की बघा: डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीची आहे का. डिपरचा झोत एका बाजूला थोडा वर चढतो, म्हणजे कडेचे दगड, माणसं, जनावरं दिसावीत. आपल्याकडे तो डावीकडे चढायला हवा. अमेरिकेतून किंवा युरोपातून मागवलेली काच बहुधा उजवीकडे चढवते, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यांत. युरोपीय मान्यतेच्या काचेवर गोलात 'ई' हे अक्षर असतं. त्याजवळ, आपण दिव्यासमोर उभे असताना, उजवीकडे टोक असलेला बाण दिसला तर ती आपल्या रस्त्याची. बाण अजिबात नसेल तर ती उजवीकडून चालणाऱ्या देशांची. दोन्हीकडे टोक असेल तर दोन्हींना चालते.

रिफ्लेक्टरला आतून बोट किंवा कापड कधीच लावू नका. तो चांदीसारखा थर पुसला की गेला. धूळ असेल तर हवेच्या पंपाने उडवा. काळवंडला असेल तर नवी काच, दुसरा इलाज नाही.

बल्ब साधा ६०/५५ वॅट, चांगल्या कंपनीचा. बस्स. १००/९० चा माझा अनुभव वर सांगितलाच. नियमातही तो बसत नाही. बसवताना बल्बची काच बोटांनी धरू नका, हाताचं तेल लागलं की त्या जागी ती जास्त तापून फुटते. लागलंच तर स्पिरिटने पुसा. एच-४ च्या तीन कानांपैकी रुंद कान वर. आत पुढच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी दिसते; ही पुढची तार डिपरची. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते आणि त्यातूनच भिंतीवर ती स्वच्छ आडवी रेघ तयार होते.

म्हणूनच हॅलोजनच्या काचेत एलईडी बल्ब खुपसायला माझा विरोध आहे. काच आणि रिफ्लेक्टर एका बारीक तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेले असतात. एलईडीच्या चिप दोन बाजूंना, जाड पट्टीवर. उजेड भरपूर होतो, पण जिथे नको तिथे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत असे मनचे बदल चालत नाहीत, ते आहेच. मला तरी जास्त महत्त्वाचा वाटतो तो समोरून येणारा दुचाकीवाला. एलईडीच हवा असेल तर मान्यतेचा शिक्का असलेला पूर्ण सात इंची एलईडी दिवा घ्या, पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीला तो चालणार नाही हे लक्षात ठेवून. पन्नास वर्षांच्या गाडीच्या तोंडावर तो कसा दिसतो, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. मला तो म्हाताऱ्या माणसाला लावलेल्या पांढऱ्याशुभ्र कवळीसारखा वाटतो.

फोकस

काम संपल्यावर पुन्हा मोजलं. बल्बवर १३.५. आधीच्या ११.२ च्या तुलनेत हा उजेड जवळपास दुप्पट होतो, आणि बल्ब तेच ६०/५५. पण दुप्पट उजेड वाकडा पडला तर शिव्याही दुप्पट बसतात. आपल्याकडे पूर्वी काचेच्या वरच्या भागावर काळा ठिपका लावायची पद्धत होती. ती फोकस न लावण्याची भरपाई होती, आणि त्याने सगळाच उजेड कमी व्हायचा.

सपाट जागा आणि भिंत शोधा. शाळेचं मैदान, जिनिंगचं आवार, काहीही चालेल. चारही टायरांत बरोबर हवा, टाकी अर्धी, ड्रायव्हरच्या जागी तुमच्याच वजनाचा माणूस. गाडी पुढे-मागे दोन-चारदा दाबून स्प्रिंग मोकळ्या करा. आधी भिंतीला जवळ लावून दोन्ही दिव्यांच्या मध्याची जागा खडूने खुणा करा. मग सरळ मागे या, काच आणि भिंतीत ७.५ मीटर अंतर ठेवा.

डिपर लावा. एक दिवा झाका, दुसरा बघा. डावीकडे चढत जाणारी आणि उजवीकडे आडवी अशी रेघ दिसेल. आडवा भाग खडूच्या खुणेपेक्षा ७.५ सेंटिमीटर खाली हवा, म्हणजे अंतराच्या एक टक्का. रेघ जिथून वर वळते तो कोपरा दिव्याच्या मध्याच्या बरोबर खाली. वरचा स्क्रू झोत वर-खाली करतो, बाजूचा डावी-उजवीकडे. अप्परचा फोकस वेगळा लावायचा नसतो, तो आपोआप बसतो.

एक टक्क्याचा अर्थ असा: दिव्याचा मध्य जमिनीपासून ६२ सेंटिमीटरवर असेल तर डिपरचा आडवा झोत ६२ मीटरवर जमिनीला टेकतो. ताशी ८० च्या वेगाने तेवढं अंतर तीन सेकंदांच्या आत संपतं. हे समजल्यापासून मी डिपरवर साठाच्या वर जात नाही, दिवे कितीही चांगले असोत.

खरी परीक्षा रस्त्यावर. मी बीडहून गेवराईच्या बाजूला गेलो. समोरच्या ट्रकवाल्यांनी दोनदा डिपर मारून खूण केली. ट्रकचा ड्रायव्हर इतका उंच बसतो, त्यालाही लागतंय म्हणजे चूक माझीच. बाजूला थांबून उजव्या दिव्याचा वरचा स्क्रू पाव फेरा फिरवला. त्यानंतर संभाजीनगरपर्यंत कुणी काही बोललं नाही.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर फ्यूजच्या होल्डरला आणि रिलेच्या पायांना हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर तिथला थिंबल ढिला आहे. आणि पावसाळा संपला की वाटीमागची माती काढायला विसरू नका. मी दसऱ्याला गाडी धुतो, तेव्हा तेही काम उरकतो.